चार बोटं कमी

खड्ड्यात उभं राहिलं की आभाळ एका फळीएवढंच उरतं. वर आडवा ओंडका, ओंडक्यावर नवरा, आणि नवऱ्याच्या दोन पायांमधून दिसणारी निळी पट्टी. बाकी सगळा भुसा. पापणीवर भुसा, ओठावर भुसा, मानेवरून पाठीत उतरणारा भुसा.

करवत्याची बायको सहा वर्षं त्या खड्ड्यात उभी राहत होती. करवत माणसापेक्षा उंच, दोन्ही टोकांना दांडे. वरून त्यानं उचलायची, खालून तिनं ओढायची. दिवसभर त्याचं तोंड तिला दिसत नसे, पण त्याची खबर हाताला लागे. राग असला की पातं थरथरत खाली येई. मनात काही चांगलं चाललं असलं की पाण्यात मासोळी यावी तसं येई. पोरगी पोटात होती तेव्हा तर पातं इतकं जपून उतरे, जणू लाकडालाच दिवस गेलेत.

आणि पातं उतरताना दोघं म्हणत,

वरल्या हाताला खालचा हात,
मधे लाकडाचा पिवळा भात.

तो पहिली ओळ म्हणे, ती दुसरी. गाण्यावर ओढ बसे, ओढीवर श्वास. खड्ड्यात पिवळा भुसा भातासारखा भुरभुर पडत राही.

गेले पंधरा दिवस गाणं बंद होतं. त्याला दम पुरत नव्हता. आणि तिचे तळवे तिला रोज एकच गोष्ट सांगत होते. करवत पूर्वी जिथवर चढायची तिथवर चढत नाही. चार बोटं आधीच थांबते.

"अहो, पुरती उचला की!"

"उचलतोय."

"चार बोटं कमी येतेय."

"खड्ड्यातून मापं काढतेस होय गं?" तो वरून हसला. हसणं खाली आलं तेव्हा भुशाइतकंच कोरडं होतं.

"लाकूड चिवट आहे का?"

"लाकूड आपल्या जागी बरोबर आहे," तो म्हणाला. "ओढ."

दुपारी मुकादम आला. त्याच्या हातात गाठी मारलेली दोरी असे आणि गळ्यात पिचकी शिट्टी, ती तो कधी वाजवत नसे. त्यानं उभ्या केलेल्या फळ्यांना दोरी लावली, ओठ हलवले, पुन्हा लावली.

"कालच्यापेक्षा दोन कमी."

"गाठाळ ओंडका आहे, मुकादम," करवत्या म्हणाला.

"गाठाळ ओंडका आहे, परवा ऊन होतं, तेरवा वारा होता. उद्या म्हणशील चंद्र वाकडा उगवला." मुकादमानं दोरी बोटाला गुंडाळली. "नदी आटली, लाकूड वाहून येईना. आहेत ते चार ओंडके वेळेत कापले तर वखार चालेल. पुलाच्या फळ्या बाजाराच्या दिवशी न्यायला येतायत. म्हणजे परवा. हा ओंडका उद्या संध्याकाळपर्यंत संपला नाही तर करवत काढून घेतो. नदीपलीकडचे दोघे भाऊ रोज विचारून जातात."

करवत वखारीची होती. तिच्या भाड्यापोटी दर पाच फळ्यांतली एक वखारीला जाई. उरलेल्या चारांची मजुरी आठवड्याला तांदळात मिळे. फळ्या कमी झाल्या की तांदूळ कमी होई. भुसाही करवतवाल्याचा, असा वखारीचा नियम होता. संध्याकाळी ती खड्ड्यातून वर आली की मुकादम दुसरीकडे बघत म्हणे, "वहिनी, फडकं झाडा."

ती डोक्याचं फडकं सोडून झाडी. चुलीला मूठभर भुसा मिळाला असता, तो तिथेच पडे. मुकादम वाईट माणूस नव्हता. म्हणून तर दुसरीकडे बघत असे. पण सहा वर्षांत एक दिवसही त्यानं ते वाक्य चुकवलं नव्हतं.

*

घर एकाच खोलीचं होतं, पण त्यातली एकही वस्तू रिकामी बसलेली नव्हती. साबणाचे विरलेले तुकडे एकमेकांना चिकटवून नवा साबण होई. सासऱ्यांच्या सदऱ्याचा नवऱ्याचा सदरा झाला होता, त्याच्या बाह्यांचा लेकीचा, गुंडीचा, झगा, आणि उरलेल्या कॉलरचं सासूनं भांडं धरायचं फडकं केलं होतं. चूल पेटवायची ती शेजारणीच्या चुलीतला निखारा आणून. काडेपेटी फळीवर होती, पण ती पाहुण्यासारखी. तिला कोणी कामाला लावत नसे.

गुंडी मात्र या घरात कुठून तरी चुकून आल्यासारखी गोल होती. पाच वर्षांची, गाल फुगलेले, पोट पुढे. प्रत्येकजण आपल्या ताटातलं तिच्या ताटात ढकली. "या पोरीकडं बघून कोण म्हणेल हे घर काटकसर करतं?" शेजारीण म्हणे. आणि खरंच, पोरीकडे बघून कोणाच्याच काही लक्षात येत नसे.

तांदळाचा डबा सासूच्या ताब्यात. रोज सकाळी ती मापटं भरून सुपात ओती आणि सूप सुनेकडे सरकवी. सून तांदूळ निवडी, आणि सासूची पाठ वळली की एक मूठ उचलून पाण्याच्या माठामागच्या मडक्यात टाकी.

ही मूठ गेल्या पानगळीपासूनची. वखारीच्या वाटेवर मावशी राहत असे. सगळ्यांचीच मावशी. तिचा नवरा करवतीवर म्हातारा झाला आणि गेला. त्याची करवत तिच्या घरात भिंतीला उभी होती, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. मावशीला पैसे नको होते. "पैसे कोण देईल आणि कोण काढून घेईल, त्याच्यामागे या वयात कोण धावेल? एक गोणी तांदूळ आण. मी माझ्या चुलीपाशी बसून खाईन." सुनेनं तिला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही. नवऱ्याला कळलं असतं तर तो म्हणाला असता, आधी पोरीला पांघरूण घे. सासूला कळलं असतं तर गावाला कळलं असतं.

दोन महिन्यांपूर्वी मावशीनं तिला वाटेत थांबवलं. "करवतीला गिऱ्हाईक येऊन गेलं गं. ही पानगळ संपेपर्यंत थांबते. पुढं माझाही नाइलाज आहे."

त्या दिवसापासून सुनेनं एकीच्या दोन मुठी केल्या. मापटंभर तांदळातून दोन मुठी काय कळणार? आपल्याच घासातल्या आहेत, ती मनाशी म्हणे. भात वाढताना आपलं ताट शेवटी घेई आणि भांड्याला चिकटलेलं खरवडून म्हणे, "खरपूस मला आवडतं."

सासू आपल्या खाटेवरून बघे. "सूनबाई, भात अलीकडे ओसरतोय गं. नवा तांदूळ फुगत नाही."

"नाहीच फुगत," सून म्हणे, आणि माठाकडे पाठ करून बसे.

सासूचीही एक तक्रार होती. मान धरते. सकाळी उठताना मान एका बाजूला वळवून ती "आई आई" करी. सून म्हणे, "आई, ती उशी द्या, उन्हात टाकते. कापूस दगड झालाय तिचा." तर सासू उशीला हात लावू देत नसे. "तुझ्या सासऱ्यांची उशी आहे. माझ्या मानेचं मी बघते." उशी लोडाएवढी होती आणि दिवसेंदिवस खाटेत रुतत चालली होती.

*

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आत करवत थांबली.

आधी चार बोटं, मग वीतभर, मग मधेच. सून दांड्याला लोंबकळल्यासारखी उभी राहिली. वरून काही येत नव्हतं. मग ओंडक्यावर काहीतरी बसल्याचा आवाज झाला आणि निळी पट्टी झाकली गेली.

"अहो?"

ती शिडीवरून वर आली. तो ओंडक्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून, लाकडाला मिठी मारल्यासारखा पालथा पडला होता. दंड पाखराच्या पंखासारखे फडफडत होते. घाम गार होता.

चार माणसं जमली. मुकादम आला. त्यानं वाकून आधी वास घेतला. तो वास घेतोय हे सगळ्यांना दिसलं, तिलाही.

"पीत नाहीत ते," ती म्हणाली.

"मी कुठं काही म्हटलं?" मुकादम सरळ झाला. "ताप आहे का? असला तर घरी न्या. करवत मी त्या भावांना..."

"संध्याकाळपर्यंत म्हणाला होतात."

मुकादमानं अर्ध्या कापलेल्या ओंडक्याकडे पाहिलं, वर सूर्याकडे पाहिलं. "बरं. आज घरी जा. उद्या फळ्या न्यायला गाडी दुपारची येते. गाडी यायच्या आत ओंडका फाटला तर फाटला. त्यापुढं माझ्या हातात नाही, वहिनी."

आणि तरी, ती त्याला खांदा देऊन निघाली तेव्हा तो सवयीनं पुटपुटलाच, "फडकं..." तिनं एका हातानं फडकं ओढून काढलं, झाडलं, आणि तोंडात धरून चालू लागली.

मावशी दारातच होती. तिनं काही न विचारता त्याला पायरीवर बसवलं, पाण्यात गूळ कालवून पाजला. मग त्याचा दंड दोन्ही हातांत धरून दाबला, जसा बाजारात दुधी भोपळा दाबून बघतात तसा.

"मी बत्तीस वर्षं खड्ड्यात होते," मावशी सुनेला म्हणाली. "वरच्या माणसाचा हात मला ओळखता येतो. याला रोग नाही. हा हात उपाशी आहे."

सुनेच्या कानांतून वाफा निघाल्या. वाटेवर दोन बायका थांबल्या होत्या. "मी रोज मापटं भरून शिजवते, मावशी. माझ्या घरात माणूस उपाशी राहत नाही."

"मग जाऊन मापटं बघ." मावशीनं तिच्याकडे असं पाहिलं की पुढं काही सांगायचं आहे, पण जीभ बांधलेली आहे. "सगळ्या बाजूंनी बघ, बाई."

*

घराचं दार लोटलेलं होतं. या वेळी कोणी घरी येत नसे. गुंडी अंगणात शेजारणीच्या कोंबडीमागे धावत होती. "आई, कोंबडी आजीच्या उशीला चोच मारते! रोज मारते!"

सुनेनं नवऱ्याला उंबऱ्यावर टेकवलं आणि दार ढकललं.

सासू खाटेवर पाठमोरी बसली होती. उशीचं तोंड उसवलेलं, मांडीवर. एक हात उशीच्या तोंडाशी, मूठ आवळलेली.

"आई?"

सासूनं मूठ पाठीमागे नेली. सत्तरीची बाई, पण चेहरा असा की खडू खाताना पकडलेलं पोर.

"एवढ्यात कशी आलीस गं?"

"मुठीत काय आहे?"

"काही नाही. गोळा आलाय हाताला."

"मूठ उघडा, आई."

"माझी मूठ आहे."

"उघडा म्हणते ना!" तिचा आवाज तिनं स्वतःच कधी ऐकला नव्हता इतका चढला. सासूची मूठ हळूहळू सुटली. तांदूळ. चार दाणे खाटेवर पडले आणि उघड्या दारातून आलेल्या कोंबडीनं ते लगेच वेचले.

सुनेनं उशी उचलायला हात घातला. उशी हलली नाही. दोन्ही हात घातले तेव्हा आतून सर्र असा आवाज आला, भरल्या गोणीचा. मधे मधे कडू पाल्याच्या वाळक्या काड्या टोचत होत्या, किडीला राखण म्हणून घातलेल्या.

"माझा नवरा तिकडं ओंडक्यावर पालथा पडला, आणि तुम्ही त्याच्या तोंडचा भात उशाला घेऊन झोपता?"

सासूनं दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर लेक बसला होता, पांढराफटक. तिचा हात तोंडावर गेला. "बाळा, काय रे झालं?" आणि मग, सगळं एका दमात, "मी माझ्या घासातला घेत होते गं. माझ्या एकटीच्या. मापटं भरलं की एक मूठ परत. दोन महिन्यांपासून दोन. त्या मावशीनं सांगितलं, पानगळीपर्यंतच थांबते. एक गोणी तांदळाला करवत देते. मला वाटलं, लेकाच्या हातात स्वतःची करवत ठेवून मग डोळे मिटावेत. चोरी नव्हे गं. मरताना तुला सांगणारच होते."

सुनेनं उशी सोडली.

ती माठाकडे गेली. माठ बाजूला केला, मागचं मडकं ओढलं. त्याच्या तोंडावरचं फडकं सोडलं आणि मडकं सासूपुढं ठेवलं.

सासूनं आत पाहिलं. सुनेकडे पाहिलं. पुन्हा आत पाहिलं.

"म्हणजे तू पण?"

"दोन मुठी."

"दोन महिन्यांपासून?"

"दोन महिन्यांपासून."

"आणि मी म्हणते, नवा तांदूळ फुगत नाही!"

"आणि मी म्हणते, नाहीच फुगत!"

उंबऱ्यावरून एक विचित्र आवाज आला. दोघी दचकून वळल्या. तो रडत नव्हता. दाराच्या चौकटीला डोकं टेकून हसत होता, आवाज काढायला ताकद नव्हती म्हणून नुसतं पोट हलवत. त्यानं कमरेच्या फडक्यातला जेवणाचा डबा काढला आणि झाकण उघडलं. अर्धा भात तसाच होता.

"मी बघत होतो," तो थांबत थांबत म्हणाला, "भाताची रास रोज खाली चाललीय. म्हटलं, घरात तांदूळ संपत आला, आणि या दोघी मला सांगत नाहीत. म्हणून अर्धा परत आणायचो. पोट भरलं म्हणायचो."

"आणि तो भात मी गुंडीला वाढायचे," सून खाली बसली.

सगळ्यांनी एकदम गुंडीकडे पाहिलं. ती दारात कोंबडीला काखेत मारून उभी होती, गोल, तकतकीत, गालावर ऊन घेऊन.

"काय झालं?" गुंडी म्हणाली.

सासूनं कपाळाला हात लावला आणि मग जी हसली ती हसता हसता धरलेल्या मानेनं ओरडली, "आई गं!", आणि त्या ओरडण्यावर पुन्हा हसली. सून हसताना रडत होती. कोणत्या बाजूनं सुरू झालं ते तिला कळलं नाही.

*

गोणी आणली. मडकं रिकामं केलं, उशी रिकामी केली, पाल्याच्या काड्या वेचून काढल्या. सासूनं गोणी आपटून आपटून तांदूळ बसवला. तांदूळ वर चढत चढत आला आणि गोणीच्या तोंडाशी थांबला. सुनेनं आत हात घातला. शिवायच्या रेघेपासून चार बोटं कमी.

"बघा," ती म्हणाली. "इथंही चारच."

गोणी कशी दिसत होती! वर्षभर दोघी आपापल्या अंधारात जे जपत होत्या ते मधोमध उभं होतं, कमरेएवढं.

मग सासू उठली. फळीवरून मापटं घेतलं, सरळ गोणीत बुडवलं, काठोकाठ भरलं. वर शीग चढवली.

"आई, आता तर आणखी कमी..."

"होऊ दे कमी." सासूनं मापटं सुपात ओतलं. "वरचा माणूस उभा राहिला नाही तर करवत काय उशाला घेऊ? शिजव. सगळा शिजव. आणि निवडताना हात मला दिसतील असे ठेव."

"तुमचेही दिसू द्या."

"हे बघ." सासूनं दोन्ही तळवे पसरले.

त्या दिवशी सासूनं काडेपेटीतली एक काडी ओढली. शेजारणीकडे निखाऱ्याला कोण जातंय आता! भात उतरला तेव्हा खोलीभर वाफ झाली. चौघं भांड्याभोवती बसले. तो जेवत होता तसं घरात कोणाला जेवताना तिनं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मान खाली, दोन्ही गुडघे पसरलेले, घास मोठा. ती तिसऱ्यांदा वाढायला लागली तेव्हा तो हात आडवा करणार होता, पण आईचा डोळा बघून मागे घेतला. मग तिनं आपलं ताट वाढलं. भांड्याला चिकटलेलं खरवडायला गेली, तर सासूनं पळी काढून घेतली.

"खरपूस आज मला आवडतं," सासू म्हणाली.

*

सकाळी धुकं असताना ते वखारीत आले. रात्रभराच्या झोपेनं त्याचा चेहरा सुजल्यासारखा भरला होता. तो ओंडक्यावर चढला, ती खड्ड्यात उतरली. पहिली ओढ सावध. दुसरी जरा बरी. एका जेवणानं माणूस पहिल्यासारखा होत नाही, हे तिच्या तळव्यांना कळत होतं. पातं दोन बोटं कमीच येत होतं. पण उरलेल्या दोन बोटांसाठी तो भांडत होता, तेही कळत होतं. मग तिनं एक केलं. ओढ संपली की दांडा धरून न राहता खालून हलका रेटा द्यायला लागली, दोन बोटांचा.

"ढकलतेस होय?" वरून आवाज आला.

"नाही बाई. लाकूड ढकलतंय."

थोड्या वेळानं, खूप खालच्या पट्टीत, वरून ओळ आली. वरल्या हाताला खालचा हात. तिनं तोंडातला भुसा थुंकून दुसरी दिली. मधे लाकडाचा पिवळा भात.

गाडी वखारीच्या फाटकाशी येऊन तिचे बैल सोडले जात होते तेव्हा शेवटची फळी सुटली आणि ओंडक्याची दोन्ही अंगं धाडकन बाजूला झाली. खड्ड्यातून तिला एकदम रुंद आभाळ दिसलं.

मुकादमानं दोरी लावली. ओठ हलवले. पुन्हा लावली. "भरल्या," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाला. "पुढचा ओंडका कोणाला देऊ?"

"आम्हाला," करवत्या म्हणाला. "पण करवत आमची आम्ही आणू."

गोणी मावशीच्या दारात उतरली तेव्हा सासू सगळ्यांच्या पुढं होती. मावशीनं गोणीत हात घातला.

"कमी आहे."

"चार बोटं आधीच कमी होती," सासू म्हणाली. "वर एक मापटं आम्ही खाल्लं. खोटं कशाला सांगू?"

"वर्षभर दोघी मला येऊन सांगायच्या, कोणाला सांगू नको," मावशी म्हणाली. "एक गेली की दुसरी. शपथा घालून माझं तोंड शिवलंत. माझंच पोट दुखायचं." ती भिंतीपाशी गेली. करवतीवरचं फडकं सोडताना तिचे हात सावकाश झाले. पात्यावरून एकदा वरपासून खालपर्यंत तिनं तळवा फिरवला, मग करवत्याच्या हातात दिली. "राहिलेला तांदूळ रोज एक मूठ आणून द्या. पण एकीनंच. दोघी आलात तर दार लावून घेईन."

*

नव्या ओंडक्याचा पहिला दिवस संपला. ती खड्ड्यातून वर आली. मुकादम दोरी गुंडाळत होता. "वहिनी..." त्याच्या तोंडून गेलं, आणि मग तोच थांबला. त्यानं भिंतीला टेकवलेल्या करवतीकडे पाहिलं.

"काय, मुकादम?"

"काही नाही. गोणी हवी का भुशाला? रिकामी पडलीय."

"उशीची खोळ आणलीय," ती म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. सासू खाटेवर पाय पसरून बसली होती, मानेखाली काही नसल्यानं अवघडलेली. सुनेनं तिच्या मांडीवर भुशानं भरलेली उशी ठेवली. ताज्या लाकडाचा वास खोलीभर पसरला. सासूनं आधी संशयानं उशी हलवली, कान लावून ऐकलं. सर्र आवाज आला नाही. मग ती हळूच आडवी झाली.

"डोकं आत जातंय गं," सासू म्हणाली.

"जाऊ द्या, आई."

सासूनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली. कुठंच धरत नव्हती. डोळे मिटून तिनं हात पुढं केला, तळवा वर, बोटं मोकळी. सून त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली, आणि मग पहिल्यांदाच स्वतः मापटं घेऊन तांदूळ मोजायला उठली.